पायांनी निवडलेली परछी

लोक माझ्या कामावर उभे राहून मला विचारतात, "तुम्ही काय करता?" मी खाली बघतो. मग तेही खाली बघतात आणि म्हणतात, "अच्छा, टाइल्सवाले!" टाइल्सवाला नाही हो मी. टाइल्सवाला दुकानात पंख्याखाली बसतो आणि गिऱ्हाइकाला चकचकीत नमुने दाखवतो. मी फरशीवाला. भिलाई आणि दुर्गमधल्या कितीतरी घरांत मी गुडघ्यांवर बसून फरशी बसवली. आता ते गुडघे जिना चढताना हिशोब मागतात, म्हणून काम पोरांच्या हाती दिलं आहे आणि मी फक्त सल्ला देतो. न मागताही देतो.

आमचे वडील तुमसरकडच्या एका खेड्यातून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मदतनीस, म्हणून आले आणि कॅम्प-१ या कामगारवस्तीत दोन खोल्या धरून राहिले. त्यांचं एकच स्वप्न होतं, की आपला मुलगा गेटपास दाखवून प्लांटच्या आत जावा. मी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा आपटलो. मग एका मारवाडी मिस्त्रीच्या हाताखाली फरशी शिकायला लागलो, तेव्हा वडील म्हणाले, "करते तर कर बाप्पा. पन कोनाले सांगू नको." आमच्या वस्तीत तेव्हा माणसांच्या दोनच जाती होत्या: प्लांटवाले आणि बाकीचे. मी बाकीच्यांत पडलो. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक तिच्यातूनच आली.

माझी खासियत म्हणजे परछी. घराला लागून असलेली, वर छप्पर आणि तीन बाजूंनी मोकळी जागा. पुस्तकांत तिला ओसरी म्हणतात, आमच्या छत्तीसगडात परछी, आणि हल्लीच्या नकाशांवर सिटआउट. नाव काहीही द्या, घरातली सगळ्यात अवघड फरशी तीच. खोलीतल्या फरशीला कधी ऊन लागत नाही, अंगणातल्या फरशीकडून कुणी नखऱ्याची अपेक्षा करत नाही. परछीकडून मात्र दोन्ही पाहिजे. छप्पर आहे म्हणून लोक तिला खोली समजतात आणि खोलीतली फरशी घालतात. पण पाऊस काही सरळ पडत नाही, तो तिरपा येतो. मे महिन्यातलं दुपारचं ऊन छपराखालून सरकत दारापर्यंत पोचतं. शिवाय आमच्याकडे प्लांटची बारीक काळी धूळ रोज हजेरी लावते. म्हणून परछीला आठ फुटांना एक इंच ढाळ द्यावा लागतो, आणि फरशी अशी लागते की ओली झाली तरी पाय धरून ठेवेल.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. नवीन असताना एका मास्तरांच्या परछीत मी आरशासारखी चकचकीत टाइल बसवली. केस विंचरता येतील अशी. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी पाय धुऊन, हातात कलश घेऊन परछीत आले आणि दारातून जे निघाले ते थेट तुळशीपाशी थांबले. कलश त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. पायाचा अंगठा मुरगळण्यावर निभावलं. दुसऱ्या एका घरी मालकांनी हट्टाने काळा ग्रॅनाइट लावून घेतला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे पाहुणे चपला काढून दारापर्यंत टणाटण उड्या मारत जात.

तेव्हापासून मी एक नियम केला. गिऱ्हाइकाला नमुना हातात द्यायचा नाही, पायाखाली द्यायचा. पाच-सहा फरश्या जमिनीवर मांडायच्या, वर पाणी ओतायचं आणि सांगायचं, चला अनवाणी. सकाळी चला, दुपारी चला, ओल्या पायांनी चला. बायका लगेच चालतात. पुरुषांना लाज वाटते, ते बुटाच्या टोकाने फरशी टोकरून "चांगली आहे" म्हणतात. माझ्या या नियमाला लोक हसायचे. नंतर तो नियम ज्यांनी खरा करून दाखवला, त्या काकूंची गोष्ट आता सांगतो.

वासुदेवराव बोरकर प्लांटमध्ये पोलाद गाळणाऱ्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होते. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, आवाज एवढा मोठा की साधं "बस" म्हणाले तरी माणूस दचकून बसायचा. मी त्यांना काकाजी म्हणायचो. ते निवृत्त झाले आणि प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली. भिलाईला लागूनच कुरुदला त्यांनी घर बांधलं होतं, फक्त पुढची परछी राहिली होती. एक दिवस ते कॅम्पमध्ये माझ्या घरी आले आणि म्हणाले, "लांजेवार, परछी तूच करून दे. पन आमच्या घरचीले आधी तुझ्याशी बोलाचं आहे. क्वार्टरवर ये."

मी गेलो. काकूंनी स्वतः दार उघडलं, बसायला सांगितलं, आत गेल्या आणि चहा करून आणला. कपबशी माझ्यापुढे नीट ठेवली. मी कप परत द्यायला हात पुढे केला तो त्यांना दिसलाच नाही, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. काकूंची नजर गेल्या काही वर्षांत हळूहळू गेली होती. उजेड आहे की अंधार, तेवढंच कळायचं. आणि मला चहा संपत आला तरी पत्ता लागला नव्हता.

"भाऊ, या क्वार्टरात मी आंधळी नाही," त्या म्हणाल्या. "दाराजवळ सिमेंट उखडलं आहे, ते पायाले लागलं का डावीकडे किचन. मोरीपाशी थंड लागते. मागच्या आंगनात दोन दगड हालते, तिथून चार पावलावर नळ. सगळं पायाले पाठ आहे. पन तिथं कुरुदले सगळं नवीन, सगळं सारखंच गुळगुळीत. तिथं गेली का मी आंधळी होईन. मंग खाटेवर बसून राहीन, अन् हे मले हात धरून बाहेर नेऊन बसवतीन. मले तसं नाही पाहिजे."

काकाजी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दोन दिवसांनी मी माझा जुना जोडीदार दुकालू मिस्त्री याला घेऊन गेलो आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात सहा नमुने मांडले. चकचकीत टाइल, खरखरीत टाइल, ग्रॅनाइट, घासलेला कोटा दगड, सिमेंटची घोटीव लादी, आणि आमच्या इथल्या खदानीतला साधा फर्शी दगड, जो गावाकडे गोठ्यातही घालतात. त्यांचा मुलगा नितीन पुण्याहून आला होता. त्याने मोबाइलवर एका बंगल्याच्या पांढऱ्या, चमकणाऱ्या सिटआउटचा फोटो उघडला आणि म्हणाला, "आई, ये देख ना, किती मस्त आहे!"

"मले दाखवून राहिला का रे?" काकू म्हणाल्या.

बिचारा ओशाळला, पण काकूच आधी हसल्या, म्हणून आम्हीही हसलो. मग त्या नमुन्यांवरून चालल्या. कोरड्या पायांनी एकदा, पाणी टाकून एकदा. मला म्हणाल्या, दुपारी पुन्हा चालेन, मग सांगेन. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं मन लावून फरशी बघणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही, आणि त्यांनी डोळ्यांनी काहीच बघितलं नव्हतं.

"चमकवाली टाइल घरी घेऊन जा," त्यांनी निकाल दिला. "काळावाला दुपारी चटके देते. हा एक गुळगुळीत आहे, पन पाय सोडत नाही, बसाले चांगला." तो कोटा होता. मग त्या फर्शी दगडावर उभ्या राहिल्या. हाताने फोडलेला दगड, वर बारीक उंचसखलपणा, कुठे लाट, कुठे खड्डा. "अन् हा बोलते. बाकीचे मुके आहे. याचे दोन तुकडे सारखे नाही."

"आई, खदान का पत्थर?" नितीन म्हणाला. "बाबांनी एवढं घर बांधलं अन् सामने वो? लोग क्या बोलेंगे?"

"लोकं पाहून जातीन. चालाचं मले आहे."

त्या दिवशी आम्ही परछीचा नकाशा कागदावर काढलाच नाही. काकूंनी अंगणातल्या धुळीत बोटाने रेघा मारल्या आणि मी मापं धरली. दारापासून पायरीपर्यंत फर्शी दगडाची एक वाट, दीड हात रुंद, अकरा दगडांची. दोन्ही बाजूंना बसायला घासलेला कोटा. पायरीच्या आधी एक आडवी पट्टी, छिन्नीने टाकी मारून खरबरीत केलेली, म्हणजे ती पायाला लागली की थांबायचं. पायरीखाली उतरलं की पुन्हा तोच दगड, गेटपर्यंत. माझ्या डोक्यातून असली परछी कधीच निघाली नसती, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

आता माझी चूक. परछीची जमीन घराच्या पातळीला आणायला खाली दीड फूट भराव लागणार होता. मी मुरूम सांगितला होता. दुसऱ्या दिवशी कुरुदला गेलो तर परछीच्या जागेत स्लॅगचा ट्रक रिकामा झालेला आणि त्या ढिगावर काकाजी उभे. स्लॅग म्हणजे पोलाद गाळताना उरणारी मळी, थंड होऊन दगडासारखी होते. बाहेर कुणी कुणी ती भरावासाठी विकतात. काकाजींनी कुठल्याशा ट्रकवाल्याला गाठून ती आणवली होती.

"लांजेवार, मुरूम कायले?" ते म्हणाले. "तीस वर्सं मी याच्याच संगतीत काढले. हा बसला का लोखंडासारखा बसते. माझ्या घराखाली माझ्या भट्टीचा माल पाहिजे."

दुकालूने एक खडा उचलला, जिभेला लावला आणि मला बाजूला नेऊन हळूच म्हणाला, "भइया, ए माल ताजा हे. फूलही." म्हणजे फुगेल.

आम्हा फरशीवाल्यांना हे माहीत असतं. भट्टीभट्टीचा स्लॅग वेगळा. लोखंडाच्या भट्टीचा सिमेंटमध्ये जातो, तो गुणी. पोलादाच्या भट्टीचा मात्र पोटात न विझलेला चुना ठेवून असतो. तो बाहेर उघड्यावर पावसाखाली मुरू दिला तर ठीक, पण ताजा भरला तर त्याला ओल लागते आणि तो वर्ष-दोन वर्षं आतल्या आत फुगत राहतो. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी गप्प राहिलो. प्लांटच्या माणसासमोर प्लांटची गोष्ट बोलायची नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून मुरलेलं होतं. दोनदा परीक्षेत आपटलेल्या मी, तीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला स्लॅग शिकवायचा? मी दुकालूला म्हणालो, "त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." दुकालूने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच दोरी आणि लेव्हलची नळी काढायला लागलो.

परछी सुरेख झाली. माझंच काम आहे म्हणून नाही सांगत. खरंच सुरेख झाली. निळसर कोट्याच्या मधून राखाडी दगडाची वाट, आणि वाटेच्या टोकाला टाकीची पट्टी. काकू राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी दारातून पहिलं पाऊल टाकलं आणि मी त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिलो. पहिले काही दिवस काकाजी सोबत चालले, मग हात सोडून मागून चालले, मग खुर्चीत बसून नुसते बघत राहिले. महिन्याभरात काकू एकट्या गेटपर्यंत जाऊन दूध घ्यायला लागल्या. मी वाटेने जाताना मुद्दाम सायकल तिकडून वळवायचो. असं सुख मला दुसऱ्या कुठल्या फरशीने दिलं नाही.

एक पावसाळा गेला, दुसरा संपत आला, तेव्हा काकूंचा फोन आला. "भाऊ, फरशी वर येऊन राहिली."

मागून काकाजींचा आवाज आला, "काही नाही बे, तिले वाटते. मी रोज पाहून राहिलो, एकदम सरळ आहे."

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "तिसरा दगड अन् चवथा. पाय अडते." मी म्हणालो, येतो, आणि गेलो नाही. का गेलो नाही, ते मला माहीत होतं. तिसऱ्या वेळी काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी बाहेर जानं बंद केलं." आणि फोन ठेवला.

मी दुकालूला घेऊन त्याच दुपारी गेलो. काकू आत खाटेवर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. क्वार्टरमध्ये बसून त्यांनी जे नको म्हणून सांगितलं होतं, तेच माझ्यापुढे होतं. मी परछीत उभा राहून पाहिलं. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग अॅल्युमिनियमची सहा फुटी पट्टी आडवी ठेवली, तर ती तिसऱ्या-चौथ्या दगडावर डुलली. नळीने लेव्हल पाहिली. अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढा फरक. डोळसाला वर्षभर कळला नसता, आणि काकूंनी तो महिन्यापूर्वी सांगितला होता.

एक दगड उचलला. खालचा सिमेंटचा मसाला तडकलेला, आणि त्याच्या खाली काळ्या खड्यांमधून पांढरं पीठ सुटलेलं. दुकालूने त्यातला एक खडा उचलून माझ्या हातात ठेवला.

"काकाजी, स्लॅग फुगून राहिला," मी म्हणालो. "सगळी परछी खोदा लागते. भराव काढून मुरूम टाका लागते."

काकाजी खुर्चीतून उठले. "तू मले स्लॅग शिकवून राहिला? मले? भट्टीतून पोलादाच्या किती हीट काढल्या मी, माहीत आहे का तुले? तू कधी गेटच्या आत तरी गेला का?"

हा शब्द माझ्या वर्मी लागला. पण त्या दिवशी माझी जीभ पहिल्यांदा सुटली. "नाही गेलो, काकाजी. गेटच्या आतलं तुमचं. पन फरशीच्या खालचं माझं आहे. मले तवाच माहीत होतं. दुकालूनं तवाच सांगतलं होतं. तुमच्या मानापायी मी नाही बोललो. चूक तुमची नाही, माझी आहे."

दारातून काकूंचा आवाज आला. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, पुढे पाऊल टाकायला धजत नव्हत्या. "तुमी दोघं आपला-आपला मान सांभाळून राहिले. माझे पाय कोन सांभाळून राहिलं?"

काकाजींनी उकरलेल्या जागेतून मूठभर स्लॅग घेतला आणि आत गेले.

दोन आठवडे त्यांचा काही निरोप नाही. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी ते कॅम्पमध्ये माझ्या दारात उभे, हातात स्टीलचा डबा. त्यांनी त्या डब्यात ओला स्लॅग घट्ट ठोकून भरला होता, आतून पेन्सिलने खूण केली होती आणि रोज बघितलं होतं. खडे तडकले होते, पांढरं पीठ वर आलं होतं, आणि माल खुणेच्या किंचित वर चढला होता. भट्टीवाल्याला माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, पण स्वतःच्या डब्यावर ठेवावा लागला.

"लांजेवार," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा लहान ऐकला. "मी तीस वर्सं पोलाद पाहिलं. मागं काय उरते, ते पाहाले कधी गेलोच नाही."

मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला. ते आमच्या घरी बसून चहा पिऊन गेले, ही गोष्ट ऐकायला माझे वडील असते तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

काम सुरू करण्याआधी काकूंनी एकच अट घातली. दगड इकडचे तिकडे व्हायला नकोत. अकराही दगड त्यांच्या पायांना नावानिशी ठाऊक होते. पहिल्यावर लाट, दुसऱ्याचा कोपरा खचलेला, पाचव्यावर बोटभर खड्डा. फरशी उचलून पुन्हा बसवणं हे नवी बसवण्यापेक्षा कितीतरी कठीण. दगड मसाल्याला धरलेला असतो, घाई केली की तुटतो. आम्ही एकेक दगड छिन्नीने चारी बाजूंनी मोकळा केला, उलटा केला आणि पाठीवर तेलरंगाने आकडा आणि दाराकडच्या बाजूची खूण केली. काकाजींनी प्लांटमधले जुने बूट काढले आणि दीड फूट स्लॅग घमेल्याने स्वतः बाहेर वाहिला. दुकालूने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "माझा माल आहे, मीच उचलीन." मग मुरूम आला, थराथराने पाणी मारून ठोकला, कितीतरी दिवस तसाच बसू दिला. या वेळी भरावावर मी स्वतः रोज चालून बघितलं, अनवाणी.

अकरापैकी दहा दगड सलामत निघाले. सातवा मात्र दुकालूच्या हातून नाही, माझ्याच हातून तुटला. मी खदानीत जाऊन अर्धा दिवस त्याच्यासारखा दुसरा शोधला. रंग तोच, माप तेच, लाटही जवळपास तशीच. बसवल्यावर आम्हा तिघांनाही तो ओळखू आला नाही. मी ठरवलं, सांगायचं नाही.

फरशी वाळली. काकू दारात आल्या. काकाजी पायरीशी उभे राहिले, पण त्यांनी हात पुढे केला नाही. काकू निघाल्या. एक, दोन. तिसऱ्यावर थोडं थांबून पाय दाबला, चौथ्यावर दाबला, आणि पुढे गेल्या. सातव्यावर थांबल्या. पुन्हा मागे आल्या, पुन्हा पाय ठेवला.

"हा नवीन आहे," त्या म्हणाल्या.

"हो काकू. तुटला माझ्या हातून," मी म्हणालो. मला लपवल्याची लाज वाटली.

त्यांनी अंगठा त्या दगडावर एकदा गोल फिरवला. "चालते. होईन ओळख." आणि टाकीच्या पट्टीपर्यंत गेल्या, पाय अलगद थांबवला, पायरी उतरल्या आणि गेटची कडी काढली. काकाजी तोंड फिरवून उभे होते. दुकालू डोळे पुसत होता आणि मला सांगत होता की सिमेंट गेलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. परछी केसभर हललेली नाही. मी वर्षातून एकदा पट्टी घेऊन जातो आणि बघून येतो. काकू म्हणतात, पट्टी कायले आणता, मलेच विचारा ना.

मागच्या उन्हाळ्यात कुरुदहून एका साहेबांचा फोन आला. रसमड्याच्या कारखान्यात नोकरीला, काकूंच्या समोरच घर घेऊन राहायला आलेले, त्यांना वर्ष होत आलं होतं. परछी करायची होती. मी माझे नमुने घेऊन गेलो आणि मांडायला लागलो, तर ते म्हणाले, "ये सब रहने दो मिस्त्रीजी. मुझे बिल्कुल वैसा चाहिए जैसा सामने बोरकर आंटी का है. वो बीच में पत्थर वाली लाइन, वो आगे की खुरदुरी पट्टी. क्या डिज़ाइन है!"

"साहब, वो डिज़ाइन नहीं है," मी म्हणालो. "वो उनके पैरों के लिए है. उनको दिखता नहीं ना."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. समोर काकू परछीतून निघाल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या, आणि तुळशीकडे सरळ चालल्या होत्या.

"किसको नहीं दिखता?" साहेब म्हणाले. "वो तो रोज़ सुबह गेट पर मुझसे बात करती हैं!"

मी टेप काढली, गुडघे कुरकुरले तरी खाली बसलो आणि त्यांच्या परछीचं माप घेऊ लागलो.